आधी कॉपी, मग कापाकापी

गेमचा लाँचर मंगळवारी दुपारी कधी बिघडत नाही. तो बिघडतो शुक्रवारी रात्री साडेनऊला. आठवडाभर क्लायंट, अप्रेझल आणि सिग्नलवरचं ट्रॅफिक झेलून माणूस एकदाचा खुर्चीत रेलतो, हेडफोन चढवतो, आयकॉनवर डबल क्लिक करतो... आणि गेमऐवजी समोर येते एक निळी पट्टी. अपडेटिंग. ९७ टक्के, ९८ टक्के, ९९ टक्के. मग एक पांढरीफटक खिडकी. मग तीही गायब!

पुन्हा क्लिक, पुन्हा तेच. तिकडे व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुपचा कल्ला सुरू, ‘कुठे आहेस बे? लॉबीत ये लवकर.’ आता अशा वेळी दहातले नऊ जण काय करतात सांगू? थेट कंट्रोल पॅनेल उघडतात आणि सगळं अनइन्स्टॉल करून मोकळे होतात. ‘नव्याने टाकू, झकास चालेल.’

बॉस, थांबा. आजच्या कॉलमचा सगळा फंडा या एका शब्दात आहे. अपडेटमुळे लाँचर गंडतो तेव्हा बहुतेक वेळा फार काही बिघडलेलं नसतं. खरं नुकसान होतं ते नंतरच्या अर्ध्या तासात, आपण वैतागून जी कापाकापी करतो तेव्हा.

आधी हे लाँचर प्रकरण काय आहे ते बघू. एके काळी लॅमिंग्टन रोडवरून किंवा बुधवार पेठेतून गेमची सीडी आणायची, टाकायची, खेळायचं, विषय संपला. गेममध्ये दोष निघाला तर त्याचा ‘पॅच’ शोधून आपणच टाकायचा. सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्यांना आठवत असेल, एकाकडे जुनं व्हर्जन आणि दुसऱ्याकडे नवं असलं की दोघं एकत्र खेळूच शकायचे नाहीत. या भानगडीवर उतारा म्हणून व्हॉल्व्ह कंपनीने सप्टेंबर २००३मध्ये स्टीम आणलं. पॅच आपोआप येणार, सगळे एकाच व्हर्जनवर राहणार. २००४च्या नोव्हेंबरात ‘हाफ-लाइफ २’ आला तेव्हा तर दुकानातून डिस्क आणणाऱ्यालाही स्टीमवर खातं उघडल्याशिवाय खेळता येईना. तेव्हा लोकांनी जाम बोटं मोडली. आज प्रत्येक मोठ्या कंपनीचा आपापला लाँचर आहे, आणि आपण निमूटपणे चार-चार पासवर्ड सांभाळतोय.

आता नीट लक्ष द्या. तुमच्या कॉम्प्युटरवर एका गेमच्या नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. लाँचर म्हणजे दुकानाचं शटर. गेम म्हणजे आतला माल. आणि सेव्ह फाइल, म्हणजे तुम्ही कुठवर पोचलात, काय कमावलंत, काय बांधलंत याची नोंद, ती तुमची वही. शटर अडकलं म्हणून कोणी गोडाऊन रिकामं करतं का? वही जाळतं का? पण ‘सगळं अनइन्स्टॉल’ करणारा नेमकं तेच करत असतो.

माल गेला तर फार तर वेळ जातो. तोही थोडाथोडका नाही म्हणा. आजचे बरेचसे मोठे गेम १०० जीबीच्या आसपास किंवा त्याच्याही वर असतात. घरी ३० एमबीपीएसचं कनेक्शन असेल तर १०० जीबी उतरवायला अखंड पूर्ण वेगाने साडेसात तासांच्या आसपास लागतात. शुक्रवारची रात्र तर गेलीच, शनिवारची सकाळही गेली. पण माल परत मिळतो. वहीचं तसं नाही. ती दुकानात विकत मिळत नाही.

आणि ‘काढून टाका’ हे काम किती धोक्याचं असतं, ते खुद्द गेम बनवणाऱ्यांना विचारा. बंजी ही पुढे ‘हेलो’ बनवणारी नामांकित कंपनी. १९९८च्या डिसेंबरात त्यांचा ‘मिथ २’ डब्यांत भरून दुकानांकडे निघाला होता. ऐन वेळी लक्षात आलं, की गेम काढून टाकणारा प्रोग्राम ज्या फोल्डरमध्ये गेम टाकलाय तो अख्खा फोल्डरच पुसतो. एखाद्याने गेम थेट डिस्कच्या मुळाशी टाकला असेल तर अख्खी डिस्क साफ! कंपनीला माल परत बोलवावा लागला.

दुसरा किस्सा २००७च्या डिसेंबरातला. आइसलंडच्या सीसीपी कंपनीच्या ‘ईव्ह ऑनलाइन’चं ‘ट्रिनिटी’ नावाचं मोठं अपडेट आलं. या गेमची स्वतःची ‘बूट.आयएनआय’ नावाची एक फाइल होती आणि अपडेटने ती पुसायची होती. पण पत्ता अर्धवट लिहिला गेला. त्याच नावाची एक फाइल सी ड्राइव्हच्या मुळाशीही असते, विंडोज एक्सपी सुरू व्हायला लागणारी. अपडेटने पुसली ती नेमकी हीच. अंतराळयानं उडवायला बसलेल्या लोकांच्या काही मशीन दुसऱ्या वेळी सुरूच होईनात.

तिसरा २०१५च्या जानेवारीतला, खुद्द स्टीमचा, लिनक्सवरचा. स्टीमचं फोल्डर दुसरीकडे हलवलं की सुरुवातीच्या स्क्रिप्टला ते सापडायचं नाही, आणि ‘या फोल्डरमधलं सगळं पुसा’ या आज्ञेतली फोल्डरच्या नावाची जागा रिकामी राहायची. म्हणजे उरलं काय? ‘सगळं पुसा’! माणसाचे फोटो, कागदपत्रं, जोडून ठेवलेली बॅकअपची डिस्कसुद्धा. गंमत म्हणजे त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्यानेच इंग्रजीत ‘भीतीदायक’ अशा अर्थाचा शेरा मारून ठेवला होता.

सांगायचा मुद्दा, पुसणं हे काम तज्ज्ञांच्या हातूनही हुकतं. मग रात्री साडेदहाला डोकं तापलेल्या आपली काय कथा!

हे सगळं आठवायला एक कारण घडलं. माझ्या ऑफिसमधली एक मैत्रीण. गेमर वगैरे अजिबात नाही. पण २०२०च्या लॉकडाऊनमध्ये तिच्या मेलबर्नला अडकलेल्या भावाने तिला घरं-गावं बांधायच्या एका गेमचं वेड लावलं. रोज रात्री दोघं ऑनलाइन भेटायचे. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि त्यांच्या आजीच्या श्रीवर्धनजवळच्या घराचं छप्पर घेऊन गेलं. पुढे ते घर विकलं. तर या भावंडांनी गेममध्ये तेच घर बांधायला घेतलं. पडवी, माजघर, मागची विहीर, वाडीतल्या पोफळी. आजी व्हिडिओ कॉलवर बसून चुका काढायची. ‘पायऱ्या तीन नाहीत रे, चार होत्या. चौथी पावसात बुडायची.’ मग चौथी पायरी बांधायची.

दोन वर्षांनी आजी गेली. घर आता आहे ते त्या गेममध्येच, तिच्या लॅपटॉपच्या डिस्कवर.

परवा तिचा फोन आला. लाँचरचं अपडेट आलं, त्यानंतर पांढरी खिडकी दिसते आणि बंद होते. कंपनीच्या मदतकेंद्राला लिहिलं तर ठरीव साच्यातलं उत्तर आलं, ‘कृपया सर्व काढून टाका आणि पुन्हा इन्स्टॉल करा.’ (कंपनीचं नाव घेत नाही. असली उत्तरं काही एकाच ठिकाणाहून येत नाहीत.)

‘अगं, उडवू का मग सगळं?’ तिने विचारलं.

‘हात लावू नकोस,’ मी म्हटलं. ‘आधी घर बाहेर काढू.’

तर तेव्हा आम्ही जे केलं, तोच क्रम तुमच्यासाठी. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी ज्याने काहीही बिघडू शकत नाही ते करायचं, आणि ज्याने बिघडू शकतं ते शेवटी.

एक. सेव्हची कॉपी. बऱ्याच गेमच्या सेव्ह फाइल्स डॉक्युमेंट्समधल्या ‘माय गेम्स’मध्ये, किंवा तुमच्या नावाच्या फोल्डरमधल्या ‘सेव्ह्ड गेम्स’मध्ये सापडतात. नाही सापडल्या तर त्या ‘अ‍ॅपडेटा’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरात असतात. विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकत्र दाबा, जी छोटी चौकट येईल तिच्यात टक्क्याचं चिन्ह, अ‍ॅपडेटा, पुन्हा टक्क्याचं चिन्ह असं इंग्रजीत टाइप करा आणि एंटर मारा. तिथे नाही दिसलं तर एक पायरी वर जाऊन ‘लोकल’मध्ये बघा. काही गेम सेव्ह स्वतःच्याच फोल्डरात ठेवतात, तेव्हा तिथेही डोकावा. गेमच्या किंवा कंपनीच्या नावाचं फोल्डर मिळालं की अख्खं उचलून पेन ड्राइव्हवर कॉपी. कट नाही हं, कॉपी! मैत्रिणीचं आजोळ भरलं जेमतेम ४०० एमबी. तीन मिनिटांत पेन ड्राइव्हवर. तिने सोडलेला सुस्कारा मला फोनवर ऐकू आला.

दोन. लोच्या फक्त तुमच्याकडे आहे की सगळ्यांकडे? ग्रुपवर विचारा, कंपनीच्या सर्व्हर स्टेटसच्या पानावर बघा. सगळ्यांचाच बंद असेल तर चहा टाका. खराब अपडेट गेलं की दुरुस्तीचं अपडेट बऱ्याचदा काही तासांत येतं. तुम्ही काही न करणं हाच उपाय. आणि स्टीमवाल्यांनो, त्यांची साफसफाई दर मंगळवारी अमेरिकी वेळेनुसार चालते, म्हणजे आपल्याकडे बुधवारी पहाटे. रात्रभर जागून खेळणाऱ्यांनी उगाच घाबरू नये.

तीन. खरंखुरं बंद करा. वरच्या कोपऱ्यातली फुली दाबली म्हणजे लाँचर बंद होतोच असं नाही, तो खाली घड्याळाशेजारी दबा धरून बसतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि लाँचरच्या नावाचं जे जे दिसेल ते बंद करा. मग कॉम्प्युटर ‘रीस्टार्ट’ करा. ‘शट डाउन’ नको. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउन केल्यावरही तो अर्धवट झोपलेलाच असतो. ताजातवाना होतो तो रीस्टार्टने.

चार. घड्याळ आणि जागा. हसू नका! तारीख चुकीची असेल तर लाँचरला सर्व्हरचं ओळखपत्रच खोटं वाटतं आणि लॉगिन होत नाही. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की लाइट गेल्यावर तारीख मागे जाते. सीआर २०३२ नावाचा हा सेल कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. आणि सी ड्राइव्ह शिगोशीग भरलेला असेल तर अपडेट उलगडायलाच जागा नसते. ते ९९ टक्क्यांवर अडकतं त्यामागे कित्येकदा एवढंच असतं.

पाच. अँटिव्हायरस. अपडेट म्हणजे लाँचरची नवी फाइल. अँटिव्हायरसने ती आधी कधी पाहिलेली नसते. सोसायटीच्या नव्या वॉचमनसारखा तो ओळखीच्यालाही गेटवर अडवतो आणि फाइल ‘क्वारंटाइन’मध्ये टाकतो. लाँचरचा अर्धा संसार नवा, अर्धा जुना. उघडणार कसा? मैत्रिणीच्या लॅपटॉपवर हेच झालं होतं. कळलं कसं? लाँचरच्या फोल्डरात ‘लॉग्ज’ नावाचं फोल्डर असतं. त्यातली सगळ्यात ताजी फाइल नोटपॅडमध्ये उघडायची आणि थेट शेवटच्या दहा ओळी वाचायच्या. बाकी अगम्य असलं तरी ‘अमुक फाइल सापडली नाही’ एवढं कोणालाही कळतं. अँटिव्हायरसची यादी उघडली तर साहेब तिथेच बसलेले. फाइल खरंच त्याच कंपनीची आहे ना, हे तिच्या प्रॉपर्टीजमधल्या डिजिटल सहीवरून बघितलं आणि मगच सोडवली. अँटिव्हायरस कायमचा बंद करून ठेवायचा नाही, एवढं मात्र पाळा.

इथवर तिचं काम झालं. तुमचं नाही झालं तर पुढे चला.

सहा. नेट बदलून बघा. दोन मिनिटं मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा. त्यावर लाँचर उघडला तर गडबड राउटरमध्ये किंवा नेटवाल्याकडे आहे. फक्त आधी डाउनलोड थांबवून ठेवा, नाहीतर दिवसभराचा डेटा गिळून तो ढेकर देईल.

सात. कॅशे साफ करा. कॅशे म्हणजे लाँचरने सोयीसाठी साठवलेला किरकोळ माल. तो पुसला तर पुन्हा आपोआप तयार होतो, म्हणून इथे पुसायला हरकत नाही. स्टीममध्ये सेटिंग्जमधल्या ‘डाउनलोड्स’खाली हे बटण आहे. एपिकचा लाँचर उघडतच नसेल तर त्याचं ‘वेबकॅशे’ फोल्डर हाताने काढता येतं. नंतर पुन्हा लॉगिन करावं लागेल, तेव्हा पासवर्ड आणि ओटीपीसाठी फोन जवळ ठेवा. आणि कधी काळी हौसेने ‘बीटा’त नाव घातलं असेल तर ते काढा. बीटा म्हणजे अपडेट आधी आपल्यावर करून बघायची कंपनीला दिलेली परवानगी.

आठ. पांढरी किंवा काळी खिडकी जातच नसेल तर ग्राफिक्स कार्डाकडे बघा. आजचे बरेच लाँचर म्हणजे आतून चक्क वेब ब्राउझर असतात, आणि त्यांचं ग्राफिक्स ड्रायव्हरशी वाजतं. ड्रायव्हर अपडेट करा, किंवा लाँचर ‘जीपीयू अ‍ॅक्सिलरेशन’ बंद करून सुरू करायचा पर्याय देत असेल तर तो घ्या.

नऊ. आता लाँचर पुन्हा टाका, पण न काढता. कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून इन्स्टॉलर उतरवा आणि जुन्यावरच चालवा. कित्येकदा बिघडलेल्या फाइल्स तेवढ्या बदलल्या जातात. साइटचा पत्ता स्वतः टाइप करा. सर्चमध्ये सगळ्यात वर दिसणारी जाहिरात म्हणजे कंपनी नव्हे. तिथून उतरवलेला नकली लाँचर तुमचं खातंच घेऊन जाईल.

लाँचर उघडला आणि गेमच अडला, तर गेमवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘व्हेरिफाय’ शोधा. तो खराब झालेल्या फाइल्स तेवढ्याच परत उतरवतो, १०० जीबी नव्हे.

आणि दहा, सगळ्यात शेवटी, अनइन्स्टॉल. तेही एक गोष्ट ध्यानात ठेवून. स्टीम काढलं की त्याच्याच फोल्डरातले गेमही सोबत जातात. म्हणून ‘स्टीमअ‍ॅप्स’ नावाचं फोल्डर आधी बाजूला हलवायचं, मग नवं टाकून परत आत ठेवायचं.

मैत्रिणीचा लाँचर पाचव्या पायरीवर उघडला खरा, पण क्लायमॅक्स पुढेच होता. उघडताच त्याने विचारलं, ‘क्लाउडवरचा सेव्ह आणि या कॉम्प्युटरवरचा सेव्ह जुळत नाहीत. कोणता ठेवू?’ क्लाउडवरच्यापुढे त्याच दिवशीची तारीख. कॉम्प्युटरवरचा पंधरा दिवसांपूर्वीचा. घाईत कोणीही ताजा तो खरा म्हणेल. तिचंही बोट तिथेच होतं.

‘साइज बघ,’ मी म्हटलं. ताज्या सेव्हचा आकार होता काही केबी. म्हणजे लाँचर धडपडत उघडत-मिटत होता तेव्हा त्याने कोऱ्या जगाचा नवा सेव्ह तयार करून क्लाउडवर चढवला होता. त्याला ‘हो’ म्हटलं असतं तर आजोळावर कोरं पान पसरलं असतं. तेव्हा हा प्रश्न आला की तारीख बघा, आकार बघा, आणि शंका असेल तर ‘कॅन्सल’ करा. क्लाउड म्हणजे बॅकअप, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो आरसा आहे. इकडे जे होईल ते तिकडे दिसतं, चुकासुद्धा.

तिने जुना सेव्ह निवडला. घर उघडलं. चारही पायऱ्या जागेवर होत्या. मेलबर्नमध्ये तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजले होते, तरी तिने भावाला मेसेज टाकलाच.

आता तुमचा होमवर्क. हा रविवार, वीस मिनिटं. ज्या दोन-तीन गेममध्ये तुमचा जीव अडकलाय त्यांचे सेव्ह शोधा आणि एका पेन ड्राइव्हवर उतरवा. मग तो पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरमधून काढून ड्रॉवरमध्ये ठेवा. जोडून ठेवलेल्या बॅकअपचं काय होतं ते लिनक्सवाल्यांना विचारा. दर महिन्याला पगाराच्या दिवशी हेच पुन्हा करा, म्हणजे लक्षात राहील. अपडेट कधी पाठवायचं हे कंपनीच्या हातात आहे, आपल्या हातात ही वीस मिनिटं आहेत.

आणि हो, त्या फोल्डरला गेमचं नाव आणि तारीख द्या. ‘न्यू फोल्डर २’ नको. पुढच्या शुक्रवारी रात्री साडेदहाला ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर २’ आणि ‘न्यू फोल्डर २ फायनल’ यातलं आजोळ कुठलं, ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही!